बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातून मराठी माध्यमात बारावी झालो, बी.ए.ला राज्यशास्त्र घेतलं तर पुढे काय?

विषय घ्या, पण परीक्षा बंगळूरची द्यायची, मुंबईची की दिल्लीची, हे पहिल्याच वर्षी ठरवा. माझ्या मते सीमाभागातली पोरं अभ्यासापेक्षा भाषेत आणि दाखल्यात जास्त अडकतात.

बंगळूरची म्हणजे केएएस, कर्नाटक प्रशासकीय सेवा. तिच्या मुख्य परीक्षेत कन्नडचा 150 गुणांचा पेपर असतो. त्यात 35 टक्के मिळाले नाहीत, तर बाकीचे गुण धरतच नाहीत. बाजारात चालणारं कन्नड तिथं पुरत नाही, लिहायचा हात लागतो. आजपासून रोज एक पान लिहा.

मुंबईची एमपीएससीही खुली आहे. महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या 865 गावांतले मराठी भाषिक अर्ज करू शकतात, पण 15 वर्षांच्या वास्तव्याचा दाखला ठरलेल्या नमुन्यातच लागतो. आपलं गाव यादीत आहे का बघा आणि दाखला आधीच काढून ठेवा.

दिल्लीच्या यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते. पूर्वपरीक्षेची प्रश्नपत्रिका मात्र इंग्रजी-हिंदीतच, म्हणून 'न्यायालयीन पुनर्विलोकन' वाचताना शेजारी 'ज्युडिशियल रिव्ह्यू' लिहून ठेवायची सवय लावा. राज्यशास्त्र ऐच्छिक घेतलं तर 250 गुणांचे दोन पेपर. इथं आपल्या पोरांची एक हमखास चूक होते. संघराज्यावर प्रश्न आला की सीमाप्रश्नाचं भाषण सुरू! परीक्षकाला कलमं हवीत. महाराष्ट्रानं 2004 साली राज्यघटनेच्या कलम 131 खाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला, कारण राज्याराज्यांतला वाद थेट तिथंच जातो. कर्नाटकाचं म्हणणं, सीमा बदलायचा अधिकार कलम 3 प्रमाणे संसदेचा. दोन्ही बाजू मांडा, मग 1956 ची राज्य पुनर्रचना आणि सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग. दहा गुणांना दीडशे शब्द, तेवढ्यात हे बसतं. घरात लहानपणापासून ऐकलेला विषय आहे, फक्त आवाज खाली आणायचा.

वकिली करायची तर बी.ए.नंतर तीन वर्षांचं एलएल.बी. आहेच.

प्राध्यापकीसाठी एम.ए.ला 55 टक्के (राखीव गटांना 50) आणि नेट (देशपातळीवरची पात्रता परीक्षा) किंवा सेट (राज्याची). सेट ज्या राज्याची, नोकरी त्याच राज्यात: कर्नाटकाच्या के-सेटवर कोल्हापुरात चालत नाही, महाराष्ट्राच्या सेटवर बेळगावात नाही. नेट दोन्हीकडे चालते. दोन पेपर, 150 प्रश्न, तीन तास, चुकीला गुण कापत नाहीत. एकही प्रश्न कोरा सोडू नका.