रात्री दात खाते, सकाळी जबडा दुखतो. दातांच्या डॉक्टरांनी बोटॉक्स सुचवलंय, घ्यावं का?

घ्यायला हरकत नाही, पण आधी नाईट गार्ड (रात्री दातांवर चढवायचं प्लास्टिकचं कवच) वापरून बघा. त्याने भागलं नाही तरच बोटॉक्सची, म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाची, सुई. दात आवळल्यावर जबड्याच्या कोपऱ्यावर जो टणक गोळा हाताला लागतो, तो मॅसेटर स्नायू. त्यात दर बाजूला साधारण २० ते ३० युनिट, ३-४ ठिकाणी विभागून टोचतात. जोर उतरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि ३-४ महिन्यांत असर ओसरतो. चेहरा निमुळता दिसायला त्याहून उशीर. सुई फार पुढे गेली तर हसू वाकडं होतं. तात्पुरतंच, पण लग्नसराई तोंडावर असेल तर थांबा. सुरुवातीला सुके बोंबील चावतानाही जबडा थकेल. औषध २ ते ८ अंशांत ठेवावं लागतं आणि कोकणात पावसाळ्यात वीज किती जाते ते सांगायला नको, म्हणून फ्रिजला बॅकअप आहे का, बाटली कधी फोडली, हे बिनधास्त विचारा. मात्र तोंड उघडताना ‘कट्’ वाजून जबडा अडकत असेल तर दोष सांध्याच्या चकतीत असू शकतो. तिथे या सुईचा फारसा उपयोग नाही. गरोदरपणात किंवा मायस्थेनिया (स्नायू लवकर थकून कमजोर पडण्याचा आजार) असेल तर नकोच.