'ताई, मी या कामाला नालायक आहे का?'

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पॅरामेडिक म्हणून पहिलंच वर्ष, त्यात एरिया असा की रात्रपाळीला मारामारी नाहीतर ओव्हरडोस ठरलेलाच, आणि चार महिन्यांपूर्वी छातीत चाकू लागलेला तो सतरा वर्षांचा पोरगा तुझ्या हाताखाली अँब्युलन्समध्येच गेला, त्याच्या आईने तुझी बाही धरून 'उशीर केलात' म्हटलं. तेव्हापासून झोप नाही, आंघोळ करतानाही सायरन ऐकू येतो, घरच्यांवर ओरडतोस, ड्युटी संपली की दोन पेग लागतात, आणि सीनिअर म्हणतात होईल सवय.

नालायक नाहीस रे. तू लिहिलंयस की सीपीआर, म्हणजे छाती दाबत राहणं, शेवटपर्यंत थांबवला नाहीस. पण छातीच्या आत रक्तस्राव होत असला की तो बाहेरून दाबून थांबत नाही, त्याला ऑपरेशन थिएटर आणि सर्जनच लागतो, आणि शरीरात रक्तच उरलं नसेल तर तू कितीही नीट दाबलंस तरी पुढे ढकलायला काही नसतं. हे तुला ट्रेनिंगमध्ये शिकवलंय, फक्त रात्री तीनला जाग येते तेव्हा ते आठवत नाही, तेव्हा फक्त ती आई आठवते. तिला त्या वेळी कुणालातरी धरायचं होतं आणि समोर तू होतास. तू बाही सोडवून घेतली नाहीस, तसाच उभा राहिलास, हे तूच लिहिलंयस एका ओळीत, काही विशेष नसल्यासारखं. मला तिथे फार भरून आलं.

'सवय होईल' हे ऐकून मात्र मला खरंच राग आला. अशा प्रसंगानंतर काही दिवस झोप उडणं, दचकणं होतंच, पण महिना उलटला तरी ते तसंच असेल तर डॉक्टर पीटीएसडी, म्हणजे मोठ्या आघातानंतर जडणारा मानसिक आजार, आहे का ते तपासतात, आणि तुझे चार झालेत. निदान मी पत्रावरून करणार नाही, ते त्यांनीच करायचं. २०१३ साली आलेल्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या पुस्तकात कामावर असलं पुन्हापुन्हा बघावं लागणं हेसुद्धा कारण म्हणून धरलंय, म्हणजे यात तुझा कमकुवतपणा कुठेच नाही. यावर उपचार आहेत, ट्रॉमासाठीची, म्हणजे अशा आघातासाठीची सीबीटी आहे, ज्यात बोलून विचार आणि वागण्यावर काम करतात, ईएमडीआर आहे, ज्यात डोळ्यांच्या हालचाली करवून घेत त्या आठवणीवर काम करतात, त्यामुळे ट्रॉमाचं काम करणारा थेरपिस्टच शोध. दारू आधी कमी कर, तिने डोळा लागतो पण पुढची झोप तुटते, मग तीन वाजता जागा असतोस त्यात तिचाही हात आहे. आणि जगणंच नको असं कधी मनात आलं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नकोस, त्याच क्षणी घरच्यांना उठव, इमर्जन्सीला जा.

राजीनाम्याचं आत्ता नको ठरवूस, नीट झोप लागायला लागली की मग बघू. आधी त्या रात्री गाडीत तुझ्यासोबत जो पार्टनर होता ना, त्याला फोन कर. पत्रात त्याच्याबद्दल एक शब्द नाहीये, आणि त्यालाही झोप लागतेय का ते कुणी विचारलं नसेल.

— ताई