हमी कशाची, ते आधी वाच

राजारामपुरी, कोल्हापूर

चि. बाळ यास आशीर्वाद.

वडिलांच्या ग्रॅच्युइटीतून रोखे घ्यायचे म्हणतोस. ‘राज्य शासनाची हमी’ एवढं वाचून दाखवलं की एजंट पुढचं पान उलटत नाही. तू उलट. कर्ज नक्की कोणाचं, आणि शासनानं शब्द दिलाय तो कशाचा, हे शोध.

राज्य स्वतः रिझर्व्ह बँकेच्या लिलावातून कर्ज काढतं, त्याची गोष्ट वेगळी. त्याचं व्याज आणि मुद्दल घटनेच्या कलम 202 नुसार राज्याच्या एकत्रित निधीवर, म्हणजे मुख्य तिजोरीवर, ‘प्रभारित’ असतं. अशा खर्चावर विधानसभेत चर्चा होते, मतदान होत नाही. म्हणजे सत्तेवर कोणीही येवो, हा हप्ता मतदानानं अडवता येत नाही. 2021 पासून ‘रिटेल डायरेक्ट’ या रिझर्व्ह बँकेच्या ऑनलाइन सोयीतून हे रोखे आपल्यासारख्यांनाही थेट घेता येतात. माझं मत विचारशील तर वडिलांसाठी हेच.

महामंडळाच्या रोख्यांत राज्य जामीनदार असतं, कर्जदार नव्हे. 1996 साली स्थापन झालेल्या आपल्या कृष्णा खोरे महामंडळानं धरणांसाठी असेच रोखे काढले. सेवा सोसायटीच्या कर्जाला गावात जामीन राहतात ना, तसंच हे. जामीनदार खमका असला तरी आधी कर्जदार थकायला लागतो, मग कोणीतरी मागणी करायला लागते. म्हणून बघ: हमी व्याजाचीही आहे का? बिनशर्त आहे का? रोखेधारकांच्या वतीनं नेमलेल्या विश्वस्तानं मागितल्यावर किती दिवसांत पैसे द्यायचे?

आणि पैसे वेळेवर मिळाले तरी करार जसाच्या तसा राहील, असं नाही. गुजरातच्या सरदार सरोवर निगमनं 1993 मध्ये 3,600 रुपयांचा रोखा विकला. 2014 मध्ये 1,11,000 मिळायचे होते. व्याजदर उतरले, हे देणं जड झालं. विधानसभेनं 2008 मध्ये कायदा करून निगमला मुदतीआधी परतफेडीचा अधिकार दिला आणि 2009 मध्ये 50,000 हातावर ठेवून खातं मिटवलं. कोणी बुडवलं नाही, पण शेवटच्या पाच वर्षांतली मोठी वाढ गेलीच की!

अमेरिकेत असंच एक प्रकरण कोर्टात गेलं. न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी या राज्यांनी 1962 मध्ये पोर्ट ऑथॉरिटी या दोघांच्या सामाईक बंदर-वाहतूक संस्थेच्या रोखेधारकांना शब्द दिला होता, की तारण ठेवलेला महसूल तोट्यातल्या प्रवासी रेल्वेवर एका मर्यादेपलीकडे खर्चणार नाही. 1974 मध्ये दोघांनी तो मोडला. 1977 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन मतांनी हे मोडणं रद्द केलं, कारण तिथल्या घटनेत राज्यांना करार कमजोर करणारे कायदे करायला मनाई आहे. आपल्या घटनेत असं कलम नाही. (तिथंही एका मतावर निभावलं, हे विसरू नकोस.)

तेव्हा सही करायच्या आधी हमीपत्राची प्रत आणि मुदतपूर्व परतफेडीच्या अटींचं पान, दोन्ही मला पाठव. एजंट दोन दिवस थांबेल. नाही थांबला तर दुसरा बघू.