हवाई बेटांवरच्या कोआ झाडाची जनुकीय सुधारणा म्हणजे जीएम (प्रयोगशाळेत जनुकं बदलणं) का?

नाही हो, जीएमचा इथे संबंध नाही. ही साधी निवड पद्धत आहे, फक्त चिकाटीची.

कोआ म्हणजे बाभळीच्या गोतातलं झाड. होड्या आणि उकुलेले (छोटं गिटारसारखं वाद्य) याच्याच लाकडाचे. कोवळ्या रोपाला चिंचेसारखी बारीक पानं येतात, मोठेपणी कोयत्यासारखी वाकडी. (आपल्याकडच्या ऑस्ट्रेलियन बाभळीचंही तसंच. ती 'पानं' म्हणजे खरं तर चपटे झालेले देठ.)

खरी अडचण मर रोगाची. फ्युजेरियम बुरशी मातीतून मुळात शिरते, पाणी वाहणाऱ्या नळ्या बंद पडतात आणि झाड उभ्या उभ्या वाळतं. कमी उंचीवर हा त्रास जास्त, त्यामुळे तिथली लागवडच अडली होती.

म्हणून हवाई अ‍ॅग्रिकल्चर रिसर्च सेंटरने वेगवेगळ्या मातृवृक्षांचं बी वेगवेगळं रुजवून रोपांना मुद्दाम बुरशी लावली. काही झाडांची बहुतेक पिल्लं मेली, काहींची बरीच तगली. तगलेल्या वाणांच्या बीजबागा, म्हणजे खास बियांसाठी लावलेल्या बागा, केल्या. बी मात्र शक्यतो जिथे लागवड करायची त्याच भागातलं वापरतात. सरळ खोड आणि लाकडाचा रंग यांची निवड याहून कितीतरी संथ, कारण त्यासाठी झाड मोठं व्हावं लागतं.