शाळेच्या प्रकल्पासाठी सनस्क्रीनच्या एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) १५, ३० आणि ५० यांतला फरक घरी मोजता येईल का?

फरक दिसेल, पण आकडा मिळणार नाही. एसपीएफ १५ सुमारे ९३ टक्के यूव्हीबी (उन्हातले त्वचा भाजणारे अतिनील किरण) अडवतं, ३० सुमारे ९७ आणि ५० सुमारे ९८. शेवटच्या दोघांतला एक टक्का घरच्या प्रयोगात कुठून दिसणार?

तरी गंमत करून बघा. उन्हात रंग बदलणारे मणी ऑनलाइन मिळतात. पॉलिथिनच्या पिशवीचे सारखे तुकडे कापा, प्रत्येकावर वेगळं सनस्क्रीन लावा आणि एक तुकडा कोरा ठेवा. काच नको, ती स्वतःच बरंचसं यूव्हीबी अडवते. पंधरा मिनिटं वाळू द्या, मग खाली मणी ठेवून दुपारच्या उन्हात मोबाइलने फोटो काढा.

खरी गोची जाडीची. प्रयोगशाळेत दर चौरस सेंटीमीटरला २ मिलिग्रॅम लावतात, म्हणजे १० बाय १० सेंटीमीटरच्या तुकड्याला ०.२ ग्रॅम. सोनारी काटा नसेल तर सिरिंजने सारखं मोजून घ्या. हात जड पडला की १५ सुद्धा ५० ला हरवतं! (चेहऱ्यावर आपण बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाही.)

आणि हे मणी यूव्हीएलाही (दुसऱ्या प्रकारचे अतिनील किरण) रंग बदलतात, एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीचा. म्हणून बाटलीवरचं पीए++++ (यूव्हीएपासून किती संरक्षण, त्याची खूण) वगैरेही वहीत टिपून ठेवा.