ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशननंतर वडील रात्रभर जागे असतात, दिवसा पेंगतात. झोपेची गोळी द्यावी का?

आधी डिस्चार्ज कार्ड काढा आणि डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी कोणत्या वेळेला लिहिलीय ते बघा. मेंदूची सूज उतरवायला ती देतात, पण झोप उडवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही.

आमच्या सासूबाईंना मेनिंजिओमा, म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ होती. ऑपरेशन छान झालं, कोथरूडला घरी आणलं आणि जागरणं सुरू झाली. पहाटे तीनला स्वयंपाकघरात दिवा! आई मिसळणाचा डबा रिकामा करून घासतायत, नाहीतर ‘जरा दडपे पोहे कर गं’ म्हणून मला उठवतायत. ती भूकही गोळीचीच.

नणंदबाई रोज सदाशिव पेठेतून रिक्षाने यायच्या. त्यांचं निदान ठरलेलं: ‘तुमच्याकडे आईला शांतता नाही, टीव्ही केवढ्यांदा लावता.’ (टीव्ही तेव्हा बंद पडलेला होता.) दुपारी आईंचा डोळा लागला की हलवून उठवायच्या आणि रात्री जायफळ घातलेलं दूध. गोळ्यांचा डबाही त्यांच्याच ताब्यात. कार्डावर १-०-१, म्हणून दुसरी गोळी रात्री जेवणानंतर नऊला. फॉलो-अपला मी ते कार्डच पुढे ठेवलं आणि रात्रीचीच का, म्हणून विचारलं. डॉक्टरांनी खोडून १-१-० केलं, दुसरी दुपारी दोनच्या आत. हळूहळू आई सलग चार-पाच तास झोपायला लागल्या. नणंदबाई आजही म्हणतात, जायफळाचा गुण. असेना.

वेळ विचारूनच बदला. स्टेरॉइड मनाने एकदम बंद तर अजिबात करू नका. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, मंदावलेलं असतं, म्हणून डोस हळूहळू उतरवतात. साखरही तपासा. ती चढली की रात्री लघवीला उठणं आलंच.

झोपेची गोळी सर्जनना न विचारता नको. पेंग त्या झोपेच्या गोळीची की डोक्यातला दाब वाढल्याची, हे घरी कळत नाही. सकाळी उठताच डोकं ठणकतंय, उलट्या होतायत, हाक मारून नीट जाग येत नाहीये, असं असेल तर थेट हॉस्पिटल गाठा. नुसती पेंग फिटच्या औषधानेही येते, रेडिएशन संपल्यावर काही आठवड्यांनीही येते. दुपारी अर्धा-पाऊण तास खुशाल झोपू द्या. जबरदस्तीने जागं ठेवून रात्रीची झोप येत नाही, आणि जागरणाने फिट येऊ शकते ते वेगळंच.

आता, सगळ्यांचं कारण स्टेरॉइडच असतं असं नाही. गाठ हायपोथॅलॅमसच्या (झोप-जाग सांभाळणारा मेंदूतला भाग) आसपास असेल तर झोपेचं चक्रच बिघडतं, तिथे गोळीची वेळ बदलून भागायचं नाही. पण गोळ्यांचा डबा कुठल्याही परिस्थितीत डॉक्टरांसमोर जाऊन बसणाऱ्याच्याच हातात ठेवा. मुलगी असो, सून असो, मला फरक पडत नाही. नणंदबाईंना पडतो.