चिल्लर साठवून खरंच बचत होते का?

तुमचा प्रश्न असा आहे: रोजच्या खर्चातून उरलेली सुटी नाणी डब्यात टाकत गेलं तर ती खरी बचत होते, की नुसती अडगळ साठते? आणि डबा कसला घ्यावा?

मी चार वर्षं हा उद्योग केलाय. बचत होते, पण डबा रिकामा करायचा दिवस आधीच ठरवलेला असेल तरच. नाहीतर अडगळच, आणि तीही भलती जड.

आपल्या बोलण्यात याचं अर्धं उत्तर आहे. नोट आपण ‘मोडतो’, आणि हातात येते ती मोड. तिलाच खुर्दा म्हणतो. शत्रूचा उडतो तोही खुर्दाच. न मोडलेला तो बंदा रुपया. म्हणजे अखंड रक्कम ती खरी आणि नाणी म्हणजे तिचे तुकडे, हे मनात पक्कं बसलेलं असतं. गंमत म्हणजे एकट्या नाण्याला केवढा मान! गवई नाणावलेला असतो, एखाद्याचं नाणं खणखणीत असतं. तीच वीस-पंचवीस नाणी खिशात एकत्र आली की झाली चिल्लर. आणि कुणाला ‘चिल्लर माणूस’ म्हणून बघा, भांडण ठरलेलं.

या ‘मोडण्या’वर अभ्यासही झालाय. प्रिया रघुबीर आणि जॉयदीप श्रीवास्तव यांनी २००९ साली तो प्रसिद्ध केला. रक्कम तेवढीच, पण काहींच्या हातात एक नोट दिली आणि काहींच्या हातात सुटे. सुटे मिळालेल्यांनी ते जास्त सहज खर्च केले. बंदी रक्कम मोडायला जीव होत नाही, मोडलेली मात्र कुठे गेली ते कळतही नाही. माझा स्वतःचा अनुभव अगदी हाच. खिशातली चिल्लर मी पैशांत धरतच नसे.

डब्याची करामत इथे आहे. नाणं आत पडलं की त्याचं सुटेपण संपतं आणि ते ‘डब्यातले पैसे’ या एका रकमेचा भाग होतं. झाकण उघडून दोन नाणी काढायची म्हणजे डबा मोडल्यासारखं वाटतं. थोडक्यात, चिल्लर पुन्हा बंदी होते. व्याज वगैरे काही मिळत नाही, महागाई त्यातलं दरवर्षी थोडं खातेच. पण हे पैसे एरवी उडालेच असते, त्यामुळे त्याचं मला फारसं दुःख नाही.

दुःख झालं ते मोजताना. चार वर्षांचा ऐवज मी एका कापडी पिशवीत भरला आणि बँकेच्या जिन्यातच पिशवीचा बंद तुटला. पुढचा प्रकार सांगत नाही. वर गेल्यावर काउंटरवरच्या बाईंनी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, ‘वेगवेगळी करून आणा.’ बरोबरच होतं त्यांचं. घरी येऊन जमिनीवर ढीग मांडला, मोजला, तर रक्कम माझ्या अंदाजाच्या निम्मीसुद्धा नव्हती. ढीग डोळ्यांना फसवतो. सगळ्यात कमी किमतीची नाणी सगळ्यात जास्त असतात, आणि डबा भरतो तो त्यांनीच.

त्यानंतर वजनावर मोजायला शिकलो. एकाच प्रकारच्या नाण्यांचं वजन ठरलेलं असतं, म्हणून शंभर नाणी एकदा तोलली की पुढचे ढीग नुसते काट्यावर ठेवायचे. काही देशांत तर वेगळी करायचीही गरज नाही. ब्रिटनचं एका पेनीचं नाणं ३.५६ ग्रॅम आणि दोन पेन्सचं बरोबर दुप्पट, ७.१२ ग्रॅम. दोन्ही एकत्र टाका, वजनावरून रक्कम निघते. अमेरिकेची डाइम (दहा सेंटांचं नाणं) आणि क्वार्टर (पंचवीस सेंटांचं) यांचं वजनही किमतीच्या प्रमाणात आहे, चांदीच्या नाण्यांच्या काळापासूनची ती शिस्त. मात्र एकाच किमतीची जुनी-नवी नाणी मिसळलेली असतील तर काटा फसवतो. अमेरिकी सेंट १९८२ मध्ये तांब्याऐवजी मुख्यतः जस्ताचा झाला आणि ३.११ ग्रॅमवरून २.५ ग्रॅमवर आला. दिसायला मात्र जवळपास तसाच. (जुनं वेगळं नाणं सापडलं तर घासूनपुसून चकचकीत करू नका. संग्राहकांच्या लेखी त्याची किंमत उतरते.)

आता ‘सगळी चिल्लर एकदमच कुठेतरी देऊन टाकू’ असं मनात असेल तर थांबा. नाणं कायदेशीर चलन असलं तरी त्याला बहुतेक ठिकाणी मर्यादा असते. युरो वापरणाऱ्या देशांत एका व्यवहारात ५० पेक्षा जास्त नाणी घ्यायची सक्ती सामान्य दुकानदारावर नाही. ब्रिटनमध्ये एक आणि दोन पेन्सची नाणी फक्त २० पेन्सपर्यंतच्या रकमेला कायदेशीर चलन ठरतात. भारतात २०११ च्या नाणे कायद्याने रुपया आणि त्यावरच्या नाण्यांसाठी ही मर्यादा १००० रुपये ठेवली आहे. घेणारा आनंदाने घेत असेल तर प्रश्नच नाही.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा सुचली. नोट काही वर्षांत विरते, नाणं मात्र कित्येक वर्षं फिरावं म्हणून पाडलेलं असतं. आपण ते डब्यात कोंडतो, आणि बाजारात सुट्यांची ओरड झाली की टांकसाळीला नवं पाडावं लागतं. अमेरिकेत एक सेंट पाडायला २०२४ साली तीन सेंटांहून जास्त खर्च येत होता. चलनासाठीचा शेवटचा सेंट नोव्हेंबर २०२५ मध्ये फिलाडेल्फियात पाडला. कॅनडाने तर ४ फेब्रुवारी २०१३ पासूनच आपली पेनी, म्हणजे एका सेंटचं नाणं, वाटणं थांबवलं होतं. तिथे रोख बिल जवळच्या आकड्याला आणून मिटवतात. तेव्हा ‘सुटे नाहीत हो’ म्हणून कुरकुरणाऱ्यांत मीही होतो, आणि माझ्याच घरात चार वर्षांचे सुटे बसून होते!

डब्याचं विचारलंत म्हणून सांगतो. फट असलेला, फोडल्याशिवाय न उघडणारा गल्ला लहान मुलांना ठीक आहे. मोठ्यांनी रुंद तोंडाची, भरल्यावरही एका हाताने उचलता येईल एवढी लहान बरणी घ्यावी. काठोकाठ भरली की त्याच आठवड्यात मोजायची आणि खात्यात टाकायची. माझी आता दाराजवळच असते. घरी आलो की खिसा तिच्यात रिकामा करतो, आणि बाहेर पडताना मूठभर नाणी पुन्हा खिशात टाकतो. त्यामुळे ती भरायला भारी वेळ लागतो, हे कबूल.